पिल्लू म्हटलं म्हणून हिरमुसू नकोस

प्रिय हैसम,

दोह्याहून पाठवलेला तुझा निरोप ऐकला. 'माझ्या नावाचा अर्थ गरुड', असं तू ऑफिसात सांगितलंस आणि शेजारचा सुदानी सहकारी हसून म्हणाला, "गरुड नव्हे, गरुडाचं पिल्लू." तुला ते लागलं, हे आवाजावरूनच कळलं. नाव मी ठेवलं होतं, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं.

तो खरं बोलला. १३व्या शतकातल्या 'लिसान अल-अरब' या कोशात हैसमचे अर्थ आहेत ससाणा, गिधाडाचं पिल्लू, उकाबाचं म्हणजे गरुडाचं पिल्लू. मऊ वाळूची टेकडी असाही एक अर्थ आहे. अरबांनी पोरांना सक्र, उकाब अशी पुऱ्या वाढलेल्या शिकारी पक्ष्यांची नावंही ठेवली. तीही मला माहीत होती. तरी तुझ्यासाठी मी पिल्लूच निवडलं.

आपल्या मागच्या सुरूच्या झाडावरचं समुद्री गरुडाचं घरटं आठवतंय ना? अंड्यातून निघाल्यावर पिल्लू दोन-अडीच महिने तिथून हलत नाही. उडायला लागलं तरी अंगावर तपकिरी पिसं असतात. आईबापासारखं पांढरंशुभ्र पोट यायला आणखी चारेक वर्षं जातात. तू नोकरीला लागून चारच महिने झालेत, बाळा. इतक्यात कुणी तुला गरुड म्हणावं असं तुला का वाटतं?

आणि नावाचा मोठेपणाच हवा असेल तर बसऱ्याच्या अबू अली अल-हसनकडे बघ. त्याच्या आजोबांचं नाव अल-हैसम. नातू मात्र जगभर 'इब्न अल-हैसम' म्हणूनच ओळखला जातो. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत. यानं विचारलं, मग सूर्याकडे पाहिल्यावर डोळा का दुखतो? प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यानं ११व्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर'मध्ये प्रयोगांनिशी मांडलं. टॉलेमीच्या चुकांवर तर त्यानं वेगळा ग्रंथच लिहिला. थोरांनी लिहिलंय म्हणून खरं मानू नये, पारखून घ्यावं, हा त्याचा आग्रह. इराकच्या १०,००० दिनारच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. कुणा इराकी मित्राकडे असली तर बघून घे.

मी तुझं नाव ठेवलं ते त्याला आठवून. पण तो ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या आजोबांबद्दल आपल्याला जवळपास काहीच ठाऊक नाही, हे मला नेहमी हलवून जातं.

उद्या त्या सुदानी सहकाऱ्याकडे जा आणि त्याचे आभार मान. उच्चारही त्याच्याकडूनच शिकून घे. आपण उर्दूच्या वळणानं 'स' म्हणतो. अरबीत तिथे जिभेचं टोक दातांमध्ये धरून थकारासारखा ध्वनी काढतात. मी शाळेत तीस वर्षं अरबी शिकवली, तरी माझी जीभ अजून 'स'वरच जाते. तू तरुण आहेस, तुला जमेल. आणि घरी फोन केलास की आम्ही म्हणतो तसंच म्हण, नाहीतर दादी ओळखायची नाही.

गरुडांच्या जोडीनं यंदा घरट्यात नव्या काटक्या आणल्यात. फेब्रुवारीत सुट्टी मिळाली तर ये, पिल्लू तेव्हा घरट्यातच असेल.

तुझा,
मामू