मॅक्बेथ : महत्त्वाकांक्षेची उतरण

महत्त्वाकांक्षा हा शब्द शाळेंत बहुधा स्तुतिपर अर्थानेंच उच्चारला जातो. “मोठा हो” असा आशीर्वाद वडील माणसें देतात, आणि तो योग्यच आहे. परंतु मोठें होण्याच्या इच्छेचा नीतीशीं असलेला संबंध तुटला म्हणजे थोर पुरुषाचीही काय दशा होते, हें शेक्सपियरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें क्वचितच इतरत्र दिसेल.

हें नाटक सुमारें १६०६ सालीं लिहिलें गेलें व १६२३ सालीं प्रथम छापून निघालें. स्कॉटलंडच्या इतिहासांतील मॅक्बेथनें १०४० पासून १०५७ पर्यंत राज्य केलें. त्याच्या पूर्वींचा राजा डंकन हा लढाईंत मारला गेला होता. शेक्सपियरनें मात्र डंकनला मॅक्बेथच्या घरीं पाहुणा म्हणून आणून तेथें निद्रावस्थेंत त्याचा वध घडविला. कारण त्याला राजांची बखर लिहावयाची नव्हती. एक मन पायरी पायरीनें खालीं कसें उतरतें, हें दाखवावयाचें होतें.

पहिल्या अंकांतला मॅक्बेथ दुर्जन नाहीं. तो राजाचा शूर सेनापति व आप्त आहे. लढाई जिंकून परततांना त्याला तीन चेटकिणी भेटतात, आणि तो कॉडरचा सरदार व पुढें राजा होईल असें भाकीत करतात. पहिलें भाकीत त्यानें बोटही न हालवितां लगेच खरें ठरतें. बरोबर असलेल्या बँक्वोलाही त्याचे वंशज राजे होतील असें सांगण्यांत येतें. पण तो सावध राहतो. वाणी दोघांनींही ऐकली, परिणाम मात्र भिन्न झाले. तेव्हां चेटकिणींनीं मॅक्बेथच्या मनांत इच्छा घातली असें नव्हे. आंत असलेली इच्छा जागी केली, असेंच म्हणावें लागतें.

त्याच्या अधःपाताचें माप घेण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक अपराधापूर्वीं तो किती व कसला विचार करतो, एवढेंच पाहावें. डंकनच्या वधापूर्वीं तो स्वतःशीं दीर्घ वाद करतो. राजा आपला आप्त, आपला धनी आणि आपला पाहुणा. त्याचें रक्षण करणें हा यजमानाचा धर्म, हें सर्व त्याला दिसतें. बेत सोडून देऊं, असें तो पत्नीस सांगतोही. पण ती त्याच्या पौरुषाला हिणवते, आणि तो वळतो. वधानंतर त्याच्या मुखांतून ‘आमेन’ हा शब्द निघत नाहीं, व आपली झोप कायमची गेली असा त्याला भास होतो. म्हणजे सदसद्विवेकबुद्धि अद्यापि जिवंत आहे.

तिसऱ्या अंकांत बँक्वोची पाळी येते. या वेळीं विचार आहे, पण तो पापपुण्याचा नव्हे. भीतीचा व मत्सराचा आहे. तो मारेकरी नेमतो, आणि जिच्या आग्रहानें पहिलें पाऊल टाकलें त्या पत्नीपासूनही बेत लपवितो. तरी मेजवानींत बँक्वोचें भूत दिसतांच त्याचा थरकांप होतो. चौथ्या अंकांत मॅक्डफ इंग्लंडास पळाल्याचें कळतें. यापुढें मनांत येईल तें तत्काळ करावयाचें, असा निश्चय करून तो मॅक्डफच्या निरपराध पत्नीची व मुलांची कत्तल करवितो. तींत लाभ कांहींच नाहीं. आणि आतां वादही नाहीं, भूतही नाहीं. पांचव्या अंकांत पत्नीच्या मृत्यूची वार्ता येते, तेव्हां त्याला धड शोकही करतां येत नाहीं. मान, प्रेम व मित्रपरिवार हें वार्धक्याचें धन आपल्या वांट्यास येणार नाहीं, हें तो जाणून असतो.

आपल्या शास्त्रपाठांत याच्या अगदीं उलट चित्र आहे. दावीदाला शमुवेलानें अभिषेक केला होता, आणि शौल राजा तर त्याच्या जिवावर उठला होता. एका रात्रीं तोच शौल छावणींत निजलेला, भाला उशाशीं रोवलेला, आणि सोबतीचा अबीशय वधाची परवानगी मागत असलेला! दावीद नकार देतो. भाला व पाण्याचें भांडें तेवढें घेऊन निघून जातो. राज्य त्यालाही मिळावयाचें होतें. पण तें रक्ताच्या वाटेनें त्याला नको होतें.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर प्रथम नजर टाकतांना हात कांपतो. तिसऱ्या वेळीं कांपत नाहीं. तो न कांपणें म्हणजे धैर्य नव्हे, हें मॅक्बेथ आपणांस शिकवितो. आणि पालकांनींही, मुलाला “पहिला ये” असें सांगतांना, पहिला येण्याची वाट कोणती हें सांगावयास विसरूं नये. लेडी मॅक्बेथचें पतीवर प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? पण तिनें त्याला मुकुट दाखविला, वाट विचारली नाहीं. आणि अखेरीस झोपेंत चालतांना ती आपल्या हातांवरचा न दिसणारा डाग धूत राहिली.