शुक्पाच्या देवराईत

लडाखला जाणारा मराठी माणूस पँगाँग, खारदुंग ला आणि नुब्रा उरकून परततो. एक झाड बघायला म्हणून तिकडे कुणी जात नाही. मी सांगेन, एकदा त्यासाठी जा. लेहच्या पश्चिमेला, शाम भागात, हेमिस शुक्पाचन नावाचं गाव आहे. शुक्पा म्हणजे ज्युनिपर. गावालगत या झाडांची जुनी राई आहे आणि गावाला नाव तिच्यावरूनच पडलं. आपल्याकडे जिला देवराई म्हणतात, तीच ही.

निघण्याआधी एक घोळ टाळा. प्रसिद्ध हेमिस गोम्पा (बौद्ध मठ) लेहच्या आग्नेयेला, मनालीच्या वाटेवर कारूजवळ आहे. हेमिस शुक्पाचन अगदी उलट्या दिशेला, लेह-कारगिल रस्ता सोडून आत. गाडीवाल्याला नुसतं 'हेमिस' सांगू नका, पूर्ण नाव सांगा. पहिल्या खेपेला आम्ही ते केलं नाही आणि एक अख्खा दिवस गेला.

वाट सोपी आहे. लिकीर गोम्पापासून सुरुवात करायची. पहिला मुक्काम यांगथांग, दुसरा हेमिस शुक्पाचन आणि तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून आंगमार्गे तेमिसगाम. खिंडी साडेतीन ते चार हजार मीटरच्या दरम्यान आहेत, आणि प्रत्येक मुक्कामी घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, त्यामुळे तंबू वाहायची गरज नाही. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. पण वाट सोपी म्हणजे हवाही सोपी, असं समजू नका. कळसूबाई 1,646 मीटर आहे. विमान तुम्हाला तिच्या दुप्पट उंचीवर, सुमारे 3,500 मीटरवरच्या लेहला एका सकाळी नेऊन ठेवतं. राजगड-तोरणा एका दमात करणारी पोरंही तिथे डोकं धरून बसलेली पाहिली आहेत. लेहला निदान दोन पूर्ण दिवस काही न करता काढा, मगच पाठीवर सॅक घ्या. गावांच्या मधे पाण्याची आणि सावलीची वानवा असते, म्हणून माणशी तीन लिटर पाणी हवंच.

दुसऱ्या दिवसाची चाल थोडी आहे. सकाळी लवकर निघालात तर दुपार मोकळी मिळते. ती राईसाठी ठेवा.

उघड्या, तपकिरी डोंगरांतून दोन दिवस चालल्यावर त्या काळपट हिरव्या झाडांपाशी पोचलं की आधी खोडाकडे बघा. पीळ पडलेलं, कुठे पोकळ, साल तांबूस आणि उभ्या चिंध्यांनी सुटत आलेली. मग डहाळी जवळून बघा. पानं म्हणजे बारीक खवले, एकावर एक चिकटून बसलेले, घट्ट घातलेल्या बारीक वेणीसारखे. कोवळ्या झाडाची पानं मात्र सुईसारखी टोचतात, त्यामुळे रोप आणि मोठं झाड एकाच जातीचं आहे हे चटकन ओळखू येत नाही. फळ वाटाण्याएवढं, निळसर काळं, वर पांढरी भुकटी. अंगठ्याने पुसली की निघते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते फळ नाहीच, पाइनच्या शंकूचं मांसल रूप आहे. खाली पडलेली काडी मोडून हुंगा. पेन्सिलीला टोक काढताना यायचा तोच वास! याच्या इंग्रजी नावात 'पेन्सिल' उगाच आलेली नाही. पेन्सिली ज्या अमेरिकी 'सिडर'च्या करत, ते झाडही ज्युनिपरच. आयुर्वेदातली हपुषा हीसुद्धा याच कुळातली. तिची काटेरी झुडपं हिमालयात पायाशी पसरलेली दिसतात.

या झाडाचं शास्त्रीय नाव ज्युनिपेरस पॉलिकार्पोस. लडाखमध्ये त्याच्याच जोडीला सेमिग्लोबोसा नावाची जवळची जातही आहे आणि गावकरी दोघांनाही शुक्पाच म्हणतात. पॉलिकार्पोसचा पसारा कॉकेशस-इराणपासून अफगाणिस्तानमार्गे पश्चिम हिमालयापर्यंत आहे. बलुचिस्तानात झियारतला ज्युनिपरचं मोठं अरण्य आहे. तिथलं झाड याच जातीचं म्हणायचं की सख्ख्या बहिणीचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. नकाशावर पसारा मोठा दिसला तरी प्रत्यक्षात ती बेटं आहेत. पाऊस अडवणाऱ्या डोंगराच्या पलीकडची कोरडी बाजू हे त्याचं घर.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलला जा. बोगदा 9.02 किलोमीटरचा. अलीकडे देवदार आणि ओल, पलीकडे उघडे डोंगर. केलाँगच्या आसपास, भागा नदीच्या उतारांवर हीच झाडं भेटतात. तिथे त्यांना शुर म्हणतात. लडाखला जायला सुट्टी पुरत नसेल तर केलाँगला दोन मुक्काम करा, समोरच्या कारदांग गोम्पापर्यंत चढा आणि चढताना उतारावर नजर ठेवा.

लाहौलच्याच झाडांनी शास्त्रज्ञांना एक मोठा ठेवा दिला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ज्युनिपरच्या वाढीची वर्तुळं जुळवून इसवी सन 420 ते 2003 अशी सलग 1,584 वर्षांची मालिका तयार केली. वर्ष कोरडं गेलं की वर्तुळ बारीक. अजिंठ्याच्या कितीतरी लेण्यांवर छिन्नी चालू व्हायची होती, तेव्हापासूनची ही नोंद लाकडात आहे.

आता जे सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं ते. शुक्पा फार सावकाश वाढतो, बी रुजायलाही वेळ लागतो. मनगटाएवढी फांदी तयार व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि शेकोटीत ती एका चहाला पुरत नाही. लडाखी माणूस त्याची डहाळी देवासाठी जाळतो, ल्हातोवर म्हणजे देवाच्या पांढऱ्या चौथऱ्यावर नववर्षाला ताजी बांधतो. मी मुक्कामाला होतो त्या घरच्या अमा-ले, म्हणजे आई, सकाळी चुलीतला निखारा छोट्या भांड्यात घेत आणि त्यावर चिमूटभर पाला टाकत. तेवढ्याने सगळं घर दरवळायचं.

तर राईत शिरताना आवाज खाली ठेवा, फांदीला हात लावू नका, प्रार्थनेच्या पताका ओढू नका. शेकोटी करायचीच नाही, गॅस बरोबर ठेवा. कोरडं लाकूड आयतं पडलेलं दिसलं तरी ते गावाचं आहे. आठवण म्हणून पाल्याची जुडी विकत घेऊन पुण्या-मुंबईला आणू नका. वास घ्यायचा तर खाली पडलेली एक काडी पुरते, आणि तीही तिथेच ठेवून या.