मंडळीत तुझं काम कोणतं

पोरी, तुला पास्टोरेट कमिटीवर घेतलं हे कळलं आणि जीव भरून आला. तुझा प्रश्नही पोचला: "आत्या, माझं कृपादान कोणतं तेच मला अजून नीट कळलेलं नाही, मग मी सेवा कशी करू?" तू उलट्या टोकाकडून सुरुवात कर. आधी मंडळीत काय अडलंय ते बघ, तिथं हात घाल. काम करता करता कृपादान आपोआप वर येतं, आणि बहुतेक वेळा ते तुझ्या आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात येतं.

हल्ली शिबिरांत प्रश्नावली भरून घेतात आणि गुणांची बेरीज करून सांगतात, तुमचं दान अमुक. भरायची तर भर, पण तिच्यावर विसंबू नकोस. पवित्र शास्त्रात दानांची यादी एके ठिकाणी नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात एक आहे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्यात दुसरी, इफिसकरांस पत्राच्या चौथ्यात तिसरी, आणि या तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. पेत्राने तर दोनच भाग केले: बोलणारे आणि सेवा करणारे. कुणाला खात्रीचा साचा द्यायचा असता तर या याद्या अशा मोकळ्या राहिल्या नसत्या. अजून एक गोष्ट बघ. करिंथकरांच्या त्या अध्यायाच्या शेवटी चमत्कार करणारे आणि रोग बरे करणारे यांच्या रांगेत, त्याच वचनात, मदत करणारे आणि कारभार पाहणारेही उभे केले आहेत. आपण मात्र माईकजवळ उभं राहणाऱ्याला दान आहे म्हणतो आणि हिशेबाची वही सांभाळणाऱ्याला कामाचा माणूस म्हणतो. हा भेद तुझ्या मनातून आजच काढून टाक.

दान उशिराही उमलतं, म्हणून स्वतःवर लवकर शिक्का मारू नकोस आणि दुसऱ्यावर तर मुळीच नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मकथेचा पहिला भाग पुस्तकरूपाने आला १९३४ साली, म्हणजे त्यांनी पासष्टी ओलांडल्यावर. त्यांचे पती नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुढे नेलं याच बाईंनी. त्या तरुण असताना कुणी विचारलं असतं की या घरात लिहिण्याचं दान कुणाला आहे, तर सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट केलं असतं. तुझ्या मंडळीत दर रविवारी कोपऱ्यात बसून निघून जाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे बघताना हे लक्षात असू दे.

कृपादानाची खूण काय, हेही तू विचारशील. आपल्याला बरं वाटलं ही खूण पुरेशी नाही; गाणाऱ्याला गाताना नेहमीच बरं वाटतं. तुझ्या कामानंतर समोरचा माणूस उभा राहिला का, त्याचा विश्वास दृढ झाला का, ते बघ. न बोलावता लोक त्याच कामासाठी पुन्हा तुझ्याकडे येतात का, ते बघ. आणि तीन जणांना विचार: घरातल्या एकाला, मंडळीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला आणि ज्याचं तुझ्याशी फारसं पटत नाही अशा एकाला. तिघांच्या उत्तरात जे सारखं निघेल ते लिहून ठेव.

आता भेटीला जाण्याचं सांगते. माझ्या मते मंडळीत सर्वांत जास्त गरज याचीच आहे, आणि सर्वांत कमी माणसं याच कामाला मिळतात. आजाऱ्याकडे जाशील तेव्हा आधी फोन करून वेळ विचार. गेल्यावर उभी राहू नकोस. खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बस, म्हणजे त्याला मान वर करावी लागणार नाही. पलंगावर बसू नकोस, दुखऱ्या अंगाला तेवढा धक्काही सोसत नाही. दुसऱ्या कुणाला हाच आजार झाला होता आणि त्याचं काय झालं, हे तोंडातून निघता कामा नये. देवाची काहीतरी योजना असेल, हे वाक्यही घरी ठेवून जा. ते खरं असलं तरी ते म्हणण्याचा अधिकार आधी त्या खाटेवरच्या माणसाचा आहे. एखादं छोटं स्तोत्र वाच. प्रार्थना करू का, असं विचार, आणि हो म्हणाला तर त्याने जे बोलून दाखवलं तेच त्याचं नाव घेऊन थोडक्यात देवापुढे ठेव. पंधरा मिनिटांत ऊठ. निघताना त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला, बहुधा सुनेला किंवा बायकोला, दाराशी थांबवून विचार, "तुम्ही जेवलात का? रात्री झोप होते का?" तिच्याकडे कुणीच बघत नाही. पुढच्या वेळी तिच्यासाठी जा. दोन तास तू बस आणि तिला बाहेर जाऊन येऊ दे.

दुःखाच्या घरी तर आणखी नीट लक्ष लागतं. दफनाच्या दिवशी घर भरलेलं असतं, चहा करायला बायका असतात, गाणी होतात. महिन्याभराने त्या घरी कुणी नसतं. तू महिन्याने जा. तेव्हा त्या बाईसमोर मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, पेन्शनचा अर्ज, रेशन कार्डावरचं नाव असली कागदांची रास असते आणि तिला ओळीने काही सुचत नसतं. तुमच्या मंडळीत एखादा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून असेलच. त्याला सोबत ने. त्याने आयुष्यभर चर्चमध्ये एकदाही प्रार्थना म्हटलेली नसेल. पण त्या दिवशी ते फॉर्म भरून देताना तो जे करतो त्यालाच पौलाने रोमकरांच्या पत्रात दया म्हटलं, आणि ती हसतमुखाने करा असं सांगितलं. यापोच्या टबीथाचंही तेच. ती गेली तेव्हा विधवांनी पेत्राला तिची शिकवण सांगितली नाही. तिने शिवलेले अंगरखे दाखवले.

पंडिता रमाबाईंच्या केडगावला तू लहानपणी आली होतीस. आठवत असेल तर आता मोठ्या माणसाच्या नजरेने पुन्हा बघून ये. रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पोरक्या मुली आणल्या, तेव्हा प्रश्न नुसता प्रार्थनेचा नव्हता. विहिरी, शेत, स्वयंपाक, विणकाम, छापखाना, सगळं उभं करावं लागलं, आणि ते त्या मुलींनी आणि बायकांनीच चालवलं. तिथेच १९०५ साली आत्म्याचं मोठं जागरण झालं, ज्याची आठवण अजून जगभरच्या मंडळ्या काढतात. रात्रंदिवस प्रार्थना चाललेल्या असताना भाकऱ्याही थापल्या जात होत्या. शेकडो पोटं होती ना! रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं ते त्याच आवारात, १९२२ साली जाईपर्यंत त्या कामावर होत्या, आणि खिळे जुळवणाऱ्या हातांशिवाय ते भाषांतर कागदावर आलं नसतं. प्रार्थना करणारी मोठी की खिळे जुळवणारी, असा हिशेब मला कधी करावासा वाटला नाही.

पैशाचं थोडक्यात, पण कडक. अर्पण उपासना संपल्याबरोबर तिथेच मोजायचं. मोजणारे दोघं, आणि ते एका घरातले नकोत. वहीत आकडा, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत. माणूस कितीही विश्वासाचा असो, एकट्याच्या पिशवीत पैसे घरी जाऊ देऊ नकोस. हा अविश्वास नाही, त्या माणसाचं रक्षण आहे. पौलानेसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी रक्कम जमवताना तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले भाऊ पाठवले आणि लिहिलं की देवापुढेच नाही, माणसांपुढेही हे स्वच्छ दिसलं पाहिजे. हंगामाच्या सणाला धान्याचा, कोंबड्यांचा, भोपळ्यांचा लिलाव होतो, त्याचा हिशेबही याच वहीत. ज्याला आकडे आवडतात त्याला शोध आणि त्याच्यासाठी मंडळीत उघडपणे प्रार्थना कर.

गायनाच्या मंडळींना एकच सांग: पट्टी आपल्या गळ्यासाठी लावू नका. पेटीवाला काळी चारला सुरू झाला की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गप्प होतात, आणि 'उपासना संगीत' ज्यांना तोंडपाठ आहे त्या त्याच असतात. पोरांना कीबोर्ड वाजवू दे, ड्रम वाजवू दे, मला त्याची अडचण नाही. मंडळीचा आवाज वाद्यांच्या वर ऐकू येतो का, एवढं बघ.

शब्बाथ शाळेला दोन मोठी माणसं एका खोलीत असलीच पाहिजेत आणि दार उघडं राहिलं पाहिजे. यात कुणाच्याही भिडेला बळी पडू नकोस, पाळकसाहेबांच्या नात्यातल्या माणसाच्या तर नाहीच. धडा शनिवारी रात्री वाचून चालत नाही. सोमवारी वाच, आठवडाभर डोक्यात घोळव. आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं कंटाळली म्हणून गैरहजर राहू लागतात, तेव्हा त्यांना छोट्यांना शिकवायला घे. त्या वयात माणूस ऐकून नाही, सोपवलेल्या कामाने टिकतो.

आता कमिटीतलं. तुला काम वाटून द्यावं लागेल, आणि खरं कसब तिथं लागतं. व्यासपीठावरून घोषणा करू नकोस की इच्छुकांनी नावं द्यावीत. नेहमीचेच चार येतील. माणसाच्या घरी जा, त्याच्यात तू काय पाहिलंस ते सांग आणि लहानसं, मुदतीचं काम दे: नाताळपर्यंत एवढं बघा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायला लावले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या माणसांना झळ लागली त्यांच्याच हाती ताट दिलं. तुमच्या मंडळीत गावाकडून नुकती आलेली, भाड्याने राहणारी, पाळीवर कंपनीत जाणारी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी काय करावं हे कमिटीने बसून ठरवण्यापेक्षा त्यांच्यातल्याच एकाला खुर्ची द्या. आणि बायकांच्या वाट्याला दर वेळी चहा-नाश्ता येत असेल तर तू तिथे आहेस, बोल. एखादीला स्वयंपाकाचं दान असेल तर ते मोठंच आहे. पण जिला हिशेब येतो तिला पातेल्यापाशी उभं करणं हा दानाचा अपव्यय आहे.

एकदा काम दिलं की ते हिसकावू नकोस. तुझ्यापेक्षा वेगळं होईल, क्वचित बिघडेल. त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांग, सभेत नाही. बर्णबा तार्सला जाऊन शौलाला शोधून अंत्युखियाला घेऊन आला. तेव्हा नावं बर्णबा आणि शौल अशी येतात. पुढे, शौलाचा पौल झाल्यावर, प्रेषितांच्या कृत्यांत बहुतेक ठिकाणी पौल आणि बर्णबा असा क्रम होतो. बर्णबाने त्याबद्दल तक्रार केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मला त्या माणसाबद्दल फार प्रेम आहे.

प्रार्थना सभेत कधी कधी ओढाताण होते. कुणाला अन्य भाषेत बोलायचं असतं, कुणाला दर्शन सांगायचं असतं, कुणाला हे मुळीच नको असतं. करिंथला हेच झालं होतं. पौलाने कुणाचं तोंड बंद केलं नाही आणि सगळं मोकाटही सोडलं नाही: दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत शांत राहून देवाशी बोलावं. हा नियम वाचून दाखव आणि दोन्ही बाजूंना तोच लाव. करिंथकरांस त्याच पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय आपण लग्नात वाचतो, पण तो लिहिला गेला दानांवरून भांडणाऱ्या मंडळीसाठी. बाराव्या आणि चौदाव्याच्या मध्ये तो आहे. कमिटीची बैठक तापली की तिथे वाच, लग्नापेक्षा जास्त कामाला येतो.

आणि स्वतःला सांभाळ. मोशेचा सासरा इथ्रो त्याला बघायला आला तेव्हा त्याने पाहिलं की हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलाय, आणि त्याने स्पष्ट सांगितलं की असं करशील तर तू झिजशील आणि लोकही. तुझी नोकरी आहे, लहान लेकरू आहे. दोन पदं एका वेळी घेऊ नकोस. आठवड्यातली एक संध्याकाळ मंडळीच्या फोनसाठी बंद ठेव आणि ते सगळ्यांना सांगून ठेव. सेवेच्या नावाखाली घरचं माणूस एकटं पडलं तर तेही मंडळीतलंच माणूस आहे.

पहिल्या वर्षीच एक वही कर: कोणतं काम कुणाकडे, किल्ली कुठे, कोणत्या आजाऱ्याकडे कधी गेलो, कोण दोन रविवार दिसलं नाही. तुझ्या जागी पुढे येईल असं एक माणूस आत्तापासून बरोबर घेऊन फिर. भेटीला, बँकेत, सभेला. मुदत संपली की वही आणि किल्ल्या त्याच दिवशी त्याच्या हाती दे, आणि पुढचे काही महिने त्याने विचारल्याशिवाय सल्ला देऊ नकोस.