तुटलेला बोल्ट आणि निळे पडलेले बिट

प्रश्न : जुन्या कारचा सायलेन्सर उतरवताना बोल्टचे डोके तुटून हातात आले. उरलेला तुकडा ड्रिलने पोखरायला घेतला, तर दोन बिटं निळी पडली. भोक काही पडेना. आमच्याकडे ना समुद्र ना खारा वारा, मग बोल्ट एवढे गंजतात कसे? – एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : आधी गंजाचे पाहू. त्याला खारा वारा लागतोच असे नाही, ओल आणि हवा पुरते. आपली काळी माती ओल धरून ठेवण्यात पटाईत. पावसाळ्यात पांदणीचा चिखल गाडीच्या पोटाला थापला जातो आणि वरून सुकला तरी आतून बरेच दिवस ओला राहतो. त्यात सायलेन्सरच्या उष्णतेने बोल्टवरचा लेप जळतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आटे आवळले जातात. मग पाना जोरात ओढला की बोल्ट सुटण्याऐवजी तुटतो.

आता बिट. पोलाद कठीण, म्हणून ड्रिल पूर्ण वेगात चालवावे, हा समज उलटा आहे. धार धातूत रुतली तरच कापते. वेग जास्त आणि दाब कमी असेल, तर ती नुसती घासते, तापते आणि बोथट होते. साध्या पोलादाचे स्वस्त बिट निळे पडले, की त्याचे पाणी उतरले समजा. ‘एचएसएस’ लिहिलेले बिट बरीच जास्त उष्णता सोसते. भिंतीसाठीचे बिट मात्र इथे कामाचे नाही, ते कापत नाही, ठेचते.

हातात आलेले डोके फेकू नका, त्यावरचा आकडा वाचा. ८.८ असेल तर बोल्ट पाणी दिलेल्या पोलादाचा आहे, तिथे घाई चालत नाही. तुकड्याचे तोंड कानशीने सपाट करा, बरोबर मध्यावर सेंटर पंचचा ठोका द्या. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून आधी ३ मिमीचे भोक पाडा, मग मोठे. ६ मिमीच्या बिटाला मिनिटाला हजारएक फेरे पुरतात. घरगुती ड्रिल मोकळे फिरताना याच्या दुपटीहून अधिक वेग घेते. मधूनमधून तेलाचा थेंब द्या. लांब वेटोळी कात्रण निघू लागली, की धार लागली. नुसती भुकटी पडत असेल तर थांबा.

भोकात ईझी-आउट हे तुटके बोल्ट काढायचे हत्यार घालून तुकडा उलटा फिरवतात, पण ते बिटाइतकेच कठीण असते. आत तुटले तर तुमचे बिट त्याला भेदणार नाही. म्हणून तुकडा थोडा जरी बाहेर डोकावत असेल, तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नट जोडून घेणे मला अधिक भरवशाचे वाटते. धरायला नट मिळतो, शिवाय तापून निवताना गंजाची पकड ढिली होते. बिटाला मारक ठरलेली उष्णता इथे उपयोगी पडते.

उरलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल द्या. दुसऱ्या दिवशी थोडे सोडा, थोडे आवळा, पुन्हा सोडा.

पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप किंवा रबर जवळ असेल तिथे ज्योत लावू नका, वेल्डिंगही करू देऊ नका. ड्रिल करताना डोळ्यांना चष्मा हवाच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.