साबुदाण्याच्या पापड्या : वाळवणाची योग्य रीत

चैत्र-वैशाखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात घरोघरी कुरडया, सांडगे यांच्या जोडीने साबुदाण्याच्या पापड्या उन्हात पडलेल्या दिसतात. उपवासाला गव्हाची कुरडई चालत नाही, ही पापडी चालते. म्हणून आषाढी, श्रावण व नवरात्र यांची बेगमी गृहिणी उन्हाळ्यातच करून ठेवतात. परंतु पुष्कळदा आषाढीस डबा उघडावा तो पापड्यांवर हिरवट बुरशी आढळते आणि श्रम व पैसा दोन्ही उकिरड्यावर जातात. दोष पावसाळी हवेला दिला जातो. वस्तुतः चूक बहुधा वैशाखातच झालेली असते.

तमिळनाडूत या पदार्थास जव्वरिसी वडाम म्हणतात. साबुदाणाही मुख्यतः तिकडूनच येतो. टॅपिओका कंदाच्या पिष्टापासून तो सेलम भागात तयार होतो. दुसऱ्या महायुद्धात परदेशी मालाची आवक थांबल्यावर तेथे हा धंदा वाढीस लागला. वाळवणास लागणारी कोरडी हवा मात्र पर्जन्यछायेतील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांना उन्हाळ्यात आयती लाभते. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्याकडे हे काम लवकर आटोपावे. वळिवाचा भरवसा कोठेच नसतो, म्हणून एका दिवशी सोयीने आवरता येईल तेवढाच घाणा घालावा.

साबुदाणा धुऊन, तो जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी एक भांडे साबुदाण्यास चार ते पाच भांडी पाणी उकळून त्यात तो सोडावा व मंद आचेवर सतत ढवळीत शिजवावा. दाणा आरपार काचेसारखा दिसला पाहिजे. मध्ये पांढरा ठिपका राहिला तर तेथील पिष्ट कच्चे असते. अशी पापडी तळल्यावर फुलत नाही व दाताखाली खडा यावा तशी कचकते. मीठ हातचे राखूनच घालावे, कारण पाणी आटल्यावर खारटपणा वाढतो आणि जादा मीठ पावसाळ्यात ओल ओढते. वाटलेली मिरची व जिरे शेवटी मिसळावे. चमचाभर मिश्रण ताटलीत टाकले असता ते सावकाश पसरून थांबावे. पाण्यासारखे धावल्यास आणखी आटवावे.

स्वच्छ कापडावर अथवा जाड प्लॅस्टिकच्या कागदावर पळीने सारख्या जाडीच्या पापड्या घालाव्यात. येथेच बहुतेकींची घाई होते. पहिल्या सायंकाळी पापडी वरून सुकलेली दिसते, पण खालची बाजू ओलसर असते. ती न फाटता सुटू लागली की उलटावी आणि पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे. रात्री उघड्यावर ठेवू नये. वावटळीच्या धुळीपासून जपण्यास वर पातळ मलमल ताणून बांधावी. पापडी वाकली तर ती ओली आहे. कडकन मोडली तर वाळली आहे. ही परीक्षा कडेला न करता सर्वांत जाड पापडीच्या मध्यभागी करावी. नंतर एक पापडी कडक तापलेल्या तेलात सोडून पाहावी. उरलेल्या अल्प ओलाव्याची एकदम वाफ होऊन ती फुलते. मधला भाग चिवट राहिला तर सर्व घाणा पुन्हा उन्हात घालावा.

उन्हातून काढलेल्या गरम पापड्या लगेच डब्यात भरल्यास आत घाम सुटतो. त्या सावलीत पूर्ण निवू द्याव्यात व कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात.

महिला बचत गटांनी विक्रीसाठी पापड्या करताना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी करून पाकिटावर निव्वळ वजन व तयार केल्याची तारीख छापावी. एक किलो साबुदाण्यापासून नीट वाळलेल्या पापड्या साधारण तेवढ्याच वजनाच्या होतात. अर्धवट वाळलेला माल अधिक भरतो खरा. पण हा लोभ महागात पडतो, कारण एका पाकिटात बुरशी निघाली की ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. ग्रामसेविकांनी आणखी एक गोष्ट समजावून द्यावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र असतात. उपवास धरणाऱ्या गर्भवती स्त्रियांना पापडीबरोबर दूध किंवा शेंगदाणे अवश्य द्यावेत.

श्रावणात उघडीप मिळेल त्या दिवशी डबा पाहावा. पापड्या केवळ सादळल्या असतील तर ऊन दाखवून त्या परत भराव्यात. बुरशी धरलेल्या मात्र पुसून वा तळून खाऊ नयेत. बुरशीचे विष उन्हाने किंवा तळण्याने नाहीसे होईलच असे नाही. अशा पापड्या टाकून द्याव्यात आणि तो डबा गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवूनच पुन्हा वापरावा.