दुनळी कुणाच्या मापाची?

कोल्हापूरच्या पोरीला नेमबाजी म्हटलं की रायफलच आठवणार. तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही नावं ऐकतच ती वाढली. दिल्लीला मामांकडे आल्यावर तुघलकाबादच्या कर्णी सिंह रेंजवर तिनं उडत्या चकत्यांचा चुराडा होताना पाहिला आणि विचारलं, "मामा, या बंदुकीला मागं नेम धरायला काहीच नाही?"

"आहे की. तुझा डोळा!" मामा म्हणाले. "रायफलीची मागची साइट पेच फिरवून हलवता येते. इथं नळीच्या टोकावर एक मणी, बस्स. गाल दस्त्यावर टेकतो, त्यावर डोळ्याची उंची ठरते. डोळा 3 मिलिमीटर वर गेला, तर 35 मीटरवर छर्रे जवळजवळ 10 सेंटीमीटर वर जातात. आणि चकती असते अवघी 11 सेंटीमीटरची."

"म्हणजे दस्ताच महत्त्वाचा. मग घ्यायची कोणती?"

"आधी खेळ सांग. ट्रॅप की स्कीट?"

"राज्यवर्धन राठोडांना अथेन्सला पदक मिळालं तो!"

मामा हसले. तो डबल ट्रॅप. रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला. उरले दोन. ट्रॅपमध्ये चकती समोरून लांब पळते, वर चढते. बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते आणि एका चकतीला दोन बार मिळतात. म्हणून नळ्या लांब, बहुधा 30 ते 32 इंच, तोंडाशी चांगल्या आवळलेल्या, आणि मार थोडा वर बसेल असा दस्ता. स्कीटमध्ये चकत्या डावी-उजवीकडच्या घरांतून आडव्या येतात, बार एकच, आणि चकती दिसेपर्यंत बंदूक कमरेशी. अंतर कमी, तेव्हा छर्रे लवकर पसरायला हवेत. नळीचं तोंड जवळजवळ मोकळं. दस्त्याची टाच जाकिटात अडकली की चकती गेलीच. पॅरिसला मिश्र स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत नरुका यांचं कांस्य 44-43 असं एका चकतीनं हुकलं होतं.

"काडतूसही वेगळं?"

"नाही, दोन्हीकडे बारा बोअर आणि जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे. म्हणून हलकी बंदूक घेऊ नकोस. दिवसभर बार काढायचे तर धक्का वजनानंच पचतो. साडेतीन किलोच्या पुढची बघ."

मामांनी आपली दुनळी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं तिला दाखवलं आणि बंद करून तिच्या हाती दिली. "समोरच्या मोकळ्या बाजूला तोंड कर. डोळे मीट, खांद्याला लाव, गाल टेकव. आता उघड. काय दिसतं?"

"मणी दिसतच नाही. नळीचा मागचा भागच आडवा येतोय."

"गाल फार खाली बसतोय. माझ्या मापाचा दस्ता तुला कसा चालेल?"

आता तिला ब्रँड आठवले. "पेराझी की बेरेटा?"

दोन्ही इटलीच्या ब्रेश्याकडच्या. बेरेटाचं घराणं तर 1526 पासूनचं. पेराझी मिरवायला छान, पण मामांच्या मते नवशिक्यानं तो हट्ट धरू नये. गालाची पट्टी खालीवर करता येणारी, आधी कुणी वापरलेली, नीट तपासलेली चालते. मात्र परवाना आधी.

"आणि तोवर?"

"तोवर क्लबच्या बंदुकीवर शिक. आणि आधी तुझा उजवा डोळा जोरकस की डावा ते बघू. डावा निघाला तर बंदूकच दुसऱ्या खांद्यावर न्यावी लागेल."