किंमत कोण ठरवतं? हाताने घडवलेल्या चाकूंच्या बाजारातला एक धडा



अर्थशास्त्राच्या तासाला आपण फळ्यावर मागणीचा नियम लिहितो : किंमत वाढली की मागणी घटते. मुलं तो पाठ करतात, पेपरात लिहितात. पण बाहेर त्यांना कधीकधी उलटंच दिसतं. एखादी वस्तू महाग होत जाते तशी माणसं तिच्यामागे जास्तच धावतात. मग कुणीतरी विचारतंच, "सर, नियम चुकला का?" अशा वेळी मी अमेरिकेतल्या हाताने घडवलेल्या चाकूंचं उदाहरण देतो. विषय जरा अनोळखी आहे, पण म्हणूनच मुलं कान टवकारून ऐकतात.

एका कारागिराची गोष्ट

१९५४ च्या सुमाराची गोष्ट. जहाजावर काम करणारा बॉब लव्हलेस हा तरुण न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात रँडल बनावटीचा चाकू घ्यायला गेला. हे चाकू फ्लोरिडात हाताने बनत आणि त्यांना मागणी भरपूर. नऊ महिने थांबावं लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. एवढं थांबणं काही त्याला जमेना. त्याने भंगारातल्या जुन्या पॅकार्ड मोटारीचं पोलाद मिळवलं आणि स्वतःच पातं घडवलं. पुढे त्याच दुकानात त्याचे चाकू विकले जाऊ लागले. १९७० मध्ये तिथल्या चाकू कारागिरांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. २०१० मध्ये तो वारला.

शिकारीला, म्हणजे वापरायलाच बनवलेले त्याचे चाकू आज हजारो डॉलरना विकले जातात, आणि संग्राहकांच्या कपाटातून क्वचितच बाहेर निघतात. नावालाच एवढी किंमत आल्यावर नकली चाकूही बाजारात आले.

इथे थांबून मुलांना विचारा : किंमत का वाढली असेल? उत्तरं छान येतात. बनवणारे हात दोनच. कारागीर गेला, पुरवठा कायमचा थांबला. हौशी लोक मात्र वाढले. बरोबर आहे! हे सगळं मागणी-पुरवठ्याच्या चौकटीत बसतं. एवढ्यात सट्टा कुठेच नाही.

मग सट्टा कुठे सुरू होतो?

समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. एक कारागीर एक चाकू ५०० डॉलरना विकतो. प्रदर्शनाला तो चार चाकू आणतो आणि घेणारे असतात चाळीस. भांडण नको म्हणून तो नावाच्या चिठ्ठ्या टाकतो. आपल्याकडे घरांची सोडत निघते ना, अगदी तसंच. अशी सोडत तिथल्या प्रदर्शनांत खरोखर काढतात. आता ज्याचं नाव निघालं त्याने ५०० ला घेतलेला चाकू संध्याकाळी १२०० ला विकला. हातही न लावता ७०० डॉलर सुटले!

पुढच्या वेळी डब्यात शंभर चिठ्ठ्या पडतात. त्यातल्या साठ जणांना चाकू नकोच आहे, त्यांना वरचे ७०० हवे आहेत. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, "बापरे, केवढी मागणी!" म्हणून आणखी लोक येतात आणि भाव १५०० वर जातो. भाव वाढला म्हणून माणसं आली आणि माणसं आली म्हणून भाव वाढला.

म्हणजे नियम चुकलेला नाही. या साठ जणांनी चाकू विकत घेतलाच नाही, उद्याच्या भावाची आशा विकत घेतली.

नुकसान कुणाचं?

ज्याने पातं घासलं, मूठ बसवली, त्या कारागिराला ५०० च मिळाले. वरची रक्कम दुसऱ्याच्या खिशात गेली. बरं, त्याने स्वतःच भाव १२०० केला, तर खरोखर वापरणारं जुनं गिऱ्हाईक तुटतं. आणि एके दिवशी 'आता भाव वाढत नाहीत' अशी कुजबुज झाली की ते साठ जण एकदम निघून जातात. जाताना साठवलेले चाकूही विकायला काढतात. पुरवठा वाढला, मागणी घटली. कारागिराचा हात तोच, काम तेच, पण ऑर्डरची वही रिकामी. आणि ज्याने शेवटी १५०० ला घेतला, तो गिऱ्हाईक शोधत बसतो.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, तसा या चाकूंचा येत नाही. कुणी २००० डॉलर मागितले म्हणजे २००० मिळाले असं नाही. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो.

पात्याची खरी परीक्षा

अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेली पाती घडवणाऱ्या लोहारांची एक संस्था आहे. तिची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने घडवलेल्या पात्याने लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची. एवढं करूनही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशात वाकवायचं, आणि ते तुटता कामा नये. म्हणजे गुण सिद्ध करताना तो चाकू कामातून जातो! सट्ट्यातल्या चाकूला मात्र धार आहे की नाही हे कुणी बघतही नाही. आपली आई आठवडी बाजारात विळी घेताना धारेवरून अंगठा फिरवते, तेव्हा तिला या बाजारापेक्षा जास्त अर्थशास्त्र कळलेलं असतं.

वर्गात करून पाहा

चाकू अर्थातच शाळेत आणायचा नाही. मुलांनी बनवलेल्या तीन पुस्तकखुणा घ्या. प्रत्येकाला १०० खोटे रुपये द्या. पाच फेऱ्यांत खरेदी-विक्री होऊ द्या आणि प्रत्येक फेरीचा भाव फळ्यावर लिहा. पाचवीच्या आधी जाहीर करा : "यानंतर विक्री बंद. ज्याच्याकडे राहील त्याने ती वापरायची." भावाचं काय होतं ते मुलांनाच बघू द्या आणि कारणही त्यांनाच सांगू द्या.

पालकांसाठी दोन शब्द

मूल 'लिमिटेड एडिशन' बूट किंवा कार्ड मागताना "नंतर जास्त किमतीला विकता येईल" म्हणालं, तर लगेच रागावू नका. शांतपणे तीनच प्रश्न विचारा. कधीच विकता आलं नाही तरी तुला हे हवंय का? तू सांगतोस तो भाव मागितलेला की मिळालेला? आणि तुझ्याकडून घेणारा ते कशासाठी घेईल?

पहिल्याचं उत्तर मनापासून 'हो' आलं तर ती हौस आहे, आणि हौसेला मोल असतं. उत्तर अडखळलं, तर हा लेख त्याच्यासोबत बसून वाचा.

तुमच्या वर्गात पाचव्या फेरीला काय झालं, ते जरूर कळवा.